शेगडीमोट

समुद्र एकदाही न बघता समुद्रावर एवढा जीव लावणारा माणूस सबंध बिदर जिल्ह्यात माझ्या मामासारखा दुसरा झाला नाही आणि पुढंही होईल असं मला वाटत नाही. हळ्ळीखेडला जन्मला, बसवकल्याणला नोकरी केली, आणि सोलापूर ही त्याच्या जगाची पश्चिमेची वेस. त्या वेशीपलीकडं कुठंतरी अफाट पाणी आहे, त्या पाण्यात झिंगे आहेत आणि ते झिंगे केवळ आपल्याकडच्या माणसांच्या अंगात रक्त भरावं म्हणून जन्माला येतात, हे तो इतक्या खात्रीनं सांगायचा की ऐकणाऱ्याला झिंग्यांचे उपकार वाटावेत. हे वाळलेले झिंगे, म्हणजे आमच्या आठवडी बाजारात मिळते ती सुकट, करडईच्या तेलात कांदा-लसणावर कुरकुरीत तळायची, वरून अंडी फोडायची, लाल तिखट भुरभुरायचं आणि सगळा पोळा एका झटक्यात उलटवायचा. या पदार्थाला आमच्या घरात ‘शेगडीमोट’ म्हणतात. हा शब्द तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या घरात ऐकू येणार नाही. तो मामानं घडवला, तोही चुकून, आणि त्या चुकीपायी मी जवळजवळ उदगीरला नांदायला गेलेच होते. पण ते पुढं. आधी मामा बघून घ्या.

मामा सरकारी बसवर कंडक्टर होता. बसवकल्याणहून उमरग्यावरून सोलापूर आणि परत. अंगानं काडी, मिशा भरघोस, आणि आवाज असा की बस वेशीपाशी असतानाच गावातली माणसं गाठोडी उचलायची. तिकीट फाडता फाडता तो समोरच्याच्या तोंडाकडं, मग नखांकडं, मग डोळ्यांच्या कडांकडं बघायचा आणि तिथल्या तिथं निदान करून मोकळा व्हायचा. “पावणं, तुमच्यात पोर्टिन न्हाई. सरका पुढं.” प्रोटीन हा शब्द त्याला कुणा डॉक्टरकडून मिळाला होता आणि त्यानं तो आपल्या जिभेला बसेल असा करून घेतला होता. पोर्टिन नसलेला माणूस त्याला बशीत हमखास सापडायचा. खिडकीशी पेंगणारा दिसला की पोर्टिन कमी, सुट्ट्यासाठी भांडणारा दिसला की पोर्टिन कमी, आणि नवराबायको एकमेकांशी न बोलता बसलेली दिसली तर दोघांचंही पोर्टिन संपलेलं. एखादा म्हातारा खानसाहेब दम लागून चढला की मामाची जीभ लगेच दखनीवर घसरायची, “अजी खांसाब, ऐसा सूखा मूं लेको किदर जारे? झिंगा खाओ जी, झिंगा! अंडे के साथ!” खानसाहेब बिचारे दवाखान्यातच निघालेले असायचे.

अन्नशास्त्र त्याचं स्वतःचं होतं. “अंडं म्हंजे काय? कोंबडीनं शिल मारून दिलेलं टॉनिक! दुदात पानी घालतेत, तेलात तेल घालतेत, अंड्यात भेसळ करून दाव बरं कुनी!” हा त्याचा आवडता सवाल होता. झिंग्याबद्दलची त्याची उपपत्ती त्याहून भारी होती. झिंगा जन्मभर वाकडा राहतो तो कशासाठी? तर आपला सगळा ताठपणा खाणाऱ्याला देऊन टाकावा म्हणून. “सोता वाकडा ऱ्हातोय अन् तुमचा कना सरळ करतोय. मानसात तरी हाय का आसा कुनी?” असं म्हणून तो स्वतः ताठ उभा राहायचा आणि बशीच्या टपाला डोकं आपटून घ्यायचा. एकट्या झिंग्यात निम्मी ताकद, एकट्या अंड्यात निम्मी, पण दोन्ही तव्यावर भेटली की ताकद चौपट होते, हे गणित कसं हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो म्हणायचा, “लगीन झाल्यावर दोन मानसाची किती हुतेत? मंग?”

सुकट तो सोलापुरातून आणायचा, कारण त्याच्या मते तिथली सुकट समुद्राला जास्त जवळची. ती पिशवी बशीतून आणणं हा मात्र एक पराक्रम होता. वास लपत नाही. एकदा त्यानं पिशवी नेमकी एका कडक शाकाहारी गुरुजींच्या सीटखाली सारून दिली, का, तर तिथं कुणी शोधायला जाणार नाही. उमरगा मागं पडलं, ऊन तापलं, पिशवी तापली आणि बस नाक धरून बसली. गुरुजींनीच पहिल्यांदा आवाज चढवला. मामानं तोंडावरची रेघ हलू न देता घंटी मारली, बस थांबवली आणि पुढून मागपर्यंत एकेक सीट हुंगत आला. गुरुजींजवळ येऊन थबकला. सगळी बस गुरुजींकडं बघायला लागली. गुरुजी लाजून लालेलाल झाले आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले. गोष्ट इथंच संपती तर मामाला पाप लागलं असतं; पण पुढं महिन्याभरानं तेच गुरुजी मामाच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “कंडक्टर, आमची मुलगी बाळंतपणाला आलीये, फार अशक्त आहे हो. तुमच्या त्या औषधात बिनवासाचा काही प्रकार मिळतो का?” मामाला त्या दिवशी एवढा आनंद झाला की त्यानं बस दोन थांबे न थांबवता पुढं नेली आणि उतारूंच्या शिव्या खाल्ल्या.

आता ती चूक.

मामाला पाच भाषा यायच्या. मराठी घरची, कानडी सरकारची, दखनी बाजारची, तेलुगू औरादकडच्या पाहुण्यांची आणि इंग्रजी तिकिटावरची. पाचांपैकी एकही त्याला पुरी येत नव्हती, पण पाचही तो एकाच दणक्यात बोलायचा, त्यामुळं समोरच्याला वाटायचं की कमी आपल्यातच आहे. गावात कुणाला कचेरीत जायचं असलं, दवाखान्यात जायचं असलं, की मामाला दुभाष्या म्हणून न्यायचे. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूर होतं आणि अधिकारी लांबलांबचे येत. मामा मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना असं काही सांगायचा की दोघंही खूश होऊन जायचे. काम व्हायचंच असं नाही.

मी मॅट्रिक झाले त्या साली मला नर्सच्या ट्रेनिंगला गुलबर्ग्याला जायचं होतं. आमच्या घरातली मी पहिली शिकलेली मुलगी. जागा मिळाली होती, फक्त प्रकृती ठीक असल्याचा दाखला हवा होता. आणि मी नुकतीच टायफॉइडमधून उठलेली, अंगावर फक्त कातडं. आईनं स्पष्ट सांगून टाकलं होतं, “आवंदा जमलं तर जमलं. न्हाई तर उदगीरचं स्थळ हाय, त्येंनी किती दिस वाट बगावी?” स्थळ वाईट नव्हतं, मुलगाही वाईट नसावा. पण मला पांढरा गणवेश घालायचा होता, रुग्णांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडं बघायचं होतं. त्या घड्याळाची मला स्वप्नं पडायची.

मामा मला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर नवे होते, मंगळूरकडचे, समुद्रकाठचे. त्यांची कानडी आमच्याकडच्या कानडीसारखी नव्हती, तुपात घोळल्यासारखी मऊ आणि भरभर. त्यांनी माझ्या पापण्या ओढून बघितल्या, काट्यावर उभं केलं, मान हलवली. रक्त कमी, वजन कमी. दोन महिन्यांनी परत आणा, बघू. आणि मग मामाकडं वळून म्हणाले, “सिगडी, मोट्टे चेन्नागि कोडि.”

मामानं डोळे मिटले. ऐकलेलं आत जिरवताना तो नेहमी डोळे मिटायचा. मग “हौदु, हौदु,” म्हणजे हो हो, म्हणाला आणि मला बाहेर घेऊन आला. घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं, “आक्का, डाक्टर लई हुशार हाय. औषीद न्हाई, गोळी न्हाई, माजा झिंगा बी तवर ऱ्हाऊ दे. शेगडी अन् मोट म्हनलाय. चेन्नागि, म्हंजे चांगली भरपूर! शेगडीचा शेक द्यायचा अन् मोटंच्या पान्यानं आंघुळ घालायची. गरम अन् थंड, गरम अन् थंड. लोखंड आसंच पक्कं करतेत का न्हाई?”

आईला ते पटलं. आमच्या घरी धम्मदीक्षा घेतल्यापासून नवससायास बंद होते. देवाला साकडं घालायची सोय नाही म्हटल्यावर सगळी भिस्त डॉक्टरवर, आणि डॉक्टर म्हणजे मामाचं भाषांतर. चैत्र संपत आलेला, बाहेर जमीन भाजत होती, आणि मी सकाळ-संध्याकाळ पेटत्या शेगडीशेजारी गोधडी पांघरून बसलेली. घाम निथळायला लागला की आई मला विहिरीवर न्यायची. मोट वर आली, भसाभस पाणी थारोळ्यात ओतलं गेलं, की मी त्याखाली. बैल हाकणारे काका मान फिरवून उभे राहायचे आणि म्हणायचे, “आक्का, पोरगी धुवायलीस का वाळवायलीस?” शेजारच्या बायका बघायला यायच्या. एकीनं तर आपल्या संधिवातवाल्या सासूलाही आणून माझ्या शेजारी बसवलं. मामा सुट्टीच्या दिवशी यायचा, माझ्याभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, “रंग धरायलीय!” रंग कसला धरतेय, मला सर्दी धरली होती. होतं तेवढं वजनही घामावाटे चाललं होतं.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण मामाच्या बशीवर बदलीवर एक ड्रायव्हर आला, कारवारचा. सोलापूरच्या स्टँडवर चहा पिताना मामानं त्याला आपल्या भाचीच्या इलाजाची कथा रंगवून सांगितली, डॉक्टरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ड्रायव्हरच्या तोंडातला चहा मामाच्या खाकी सदऱ्यावर आला. “अरे बाबा, सिगडी म्हणजे झिंगा! आमच्याकडे झिंग्याला सिगडी म्हणतात! आणि मोट्टे म्हणजे अंडं! ते पोरीला चांगलं भरपूर द्या, ‘कोडि’ म्हणाला तो!”

“अंड्याला तत्ती म्हनतेत की!” मामा म्हणाला.

“ते तुमच्या इकडे. डॉक्टर मंगळूरचा ना? तो मोट्टेच म्हणणार.”

पुढचं मला त्या ड्रायव्हरनंच नंतर सांगितलं. बस सुटायच्या आत धावत जाऊन मामानं बाजारातून सुकट आणली. परतीच्या सगळ्या वाटेवर त्यानं कुणाचं पोर्टिन तपासलं नाही. संध्याकाळी तो आमच्या दारात आला तेव्हा एका हातात सुकटीची पिशवी होती आणि तिकिटाच्या चामडी बॅगेत, सुट्ट्या पैशांच्या जागी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली अंडी. मी शेगडीशेजारी बसले होते. त्यानं माझ्या अंगावरची गोधडी काढली, बाजूला टाकली आणि मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. “आक्का, पोरीला म्या वाळविलं गं! ज्याला येत न्हाई त्यानं गप ऱ्हावं का न्हाई? म्या कामून बोललो?” एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस एवढ्या बारीक आवाजात रडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मलाही रडू आलं. आई मात्र शहाणी, तिनं पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, “रडायचं मागून बग. आदी ह्येचं काय करायचं ते सांग.”

मग काय विचारता! पेटती शेगडी होतीच, तिच्यावर तवा चढला. मामानं स्वतः सुकट निवडली, डोकी-पाय काढले, कोरडी भाजली, मोटेच्या पाण्यात भिजवून पिळून घेतली आणि तेलात सोडली. चर्रर्र आवाज झाला तसा मामाचा आवाज परत आला. अंडी फोडताना तर तो ओरडतच होता, “हाण! आता बग पोर्टिन!” पोळा उलटला, ताटात पडला, शेजारी ज्वारीची भाकरी. पहिला घास घेतला आणि माझ्या जिभेला टायफॉइडनंतर पहिल्यांदा चव कळली. खारट, तिखट, कुरकुरीत, आत मऊ. सुकटीचा उग्र वास अंड्यानं असा सावरून घेतला होता, जसा तापट नवऱ्याला समंजस बायको सावरते. मी ताट चाटून पुसलं. मामा माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि एकाएकी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “आक्का!” तो ओरडला, “शेगडीवर केलं का न्हाई? मोटंच्या पान्यात भिजिवलं का न्हाई? मंग भाषांतर आर्धं बरोबरच हुतं की!” त्या दिवसापासून त्या पदार्थाचं नाव शेगडीमोट पडलं.

पुढचे दिवस मामा पेटून उठला होता. ड्युटी संपली की सायकल मारत यायचा. अंड्यांसाठी त्यानं गावातल्या सगळ्या कोंबड्यांशी संधान बांधलं. सुकटीच्या वासानं मामीनं वेगळा तवा केला, वेगळी वाटी केली, शेवटी म्हणाली, ह्येंचं अंथरूणच वायलं करते. मी सकाळी शेगडीमोट खात होते, संध्याकाळी खात होते. माझे गाल भरायला लागले. मामाला तेवढ्यानं धीर निघेना. बाजारच्या दिवशी त्यानं मला आडत्याच्या दुकानात नेऊन धान्याच्या मोठ्या ताजव्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात तुरीचं निम्मं पोतं टाकायला लावलं. पोतं जमिनीला टेकलं, मी वर. “अजून तुरीइतकी न्हाई झालीस,” मामा चिंतेनं म्हणाला. पुढच्या बाजाराला परत नेलं. पारडं हललं, झुललं आणि माझी बाजू खाली बसली. भर बाजारात मामानं टोपी उडवली. “तूर हारली!” सगळा आडत बाजार टाळ्या वाजवायला लागला, कशासाठी हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात जायच्या दिवशी मामानं दुभाष्या म्हणून कारवारच्या ड्रायव्हरला रजा काढायला लावून बरोबर आणलं. स्वतः दाराबाहेर उभा राहिला, तोंडावर हात ठेवून, न जाणो एखादा शब्द निसटायचा. डॉक्टरांनी माझ्या पापण्या बघितल्या, नखं बघितली, काट्यावर उभं केलं, हसले आणि सही केली. ड्रायव्हर बाहेर येऊन म्हणाला, “पास!” मामानं त्याला विचारलं, “नक्की पासच म्हनला का? त्येंच्याकडं पास म्हंजे दुसरं काय आसतंय का?” खात्री झाल्यावर त्यानं तिथंच, दवाखान्याच्या व्हरांड्यात, आपल्या घंटीच्या आवाजात आरोळी ठोकली, “चला गुलबर्गाऽऽ!” आत औषधाच्या रांगेतली दोन माणसं पिशव्या उचलून बाहेर आली.

मी नर्स झाले. घड्याळ लावलं, मनगटं धरली. राज्याचं नाव कर्नाटक झालं, मामा रिटायर झाला, मिशा पांढऱ्या झाल्या. पोर्टिनचा प्रचार मात्र चालूच होता. मग त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि तो माझ्याच दवाखान्यात आला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं, अंड्यातला पिवळा बलक बंद, तळलेलं बंद, खारवलेलं तर पूर्ण बंद. मी मामाच्या खाटेजवळ गेले आणि मन घट्ट करून ते सांगितलं.

मामानं डोळे मिटून ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोनच्या भाषेत म्हनला त्यो?”

“इंग्रजीत.”

“अन् भाषांतर कुनी केलं?”

“मीच की, मामा.”

“मंग चुकलं आसंल,” तो शांतपणे म्हणाला. “आपल्या घरान्यात भाषांतर चुकतंय.”

चुकलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं पथ्य पाळलं. दुसऱ्यांना करून घालायचा, पोळा उलटवायचा आणि स्वतः जरा लांब, वास येईल अशा बाजूला बसायचा. माझ्याकडं आला की मला खाऊ घालायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. एवढं ज्याच्यावर प्रेम केलं त्याला असं लांबून बघणं काय असतं, ते मी तेव्हा बघितलं.

शेवटच्या खेपेला आला तेव्हा त्याला खाटेवरून उठवत नव्हतं. एका दुपारी त्याच डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीतच म्हणाले, आता सगळं पथ्य सोडा, त्यांना जे आवडेल ते द्या. हे वाक्य मी नोकरीत पुष्कळदा ऐकलं होतं आणि पुष्कळांना समजावून सांगितलं होतं. त्याचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच होतो. मी तोंड धुतलं आणि खाटेजवळ गेले. मामा जागा होता.

“काय म्हनायलाय त्यो?” त्यानं विचारलं.

मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मामा, डॉक्टर म्हणाले, सिगडी, मोट्टे चेन्नागि कोडि.”

मामाचे डोळे लख्ख उघडले. “बग!” तो म्हणाला, आणि क्षणभर तो जुना बशीतला आवाज वॉर्डभर गेला. “म्हनलो नव्हतो का, आदीचं भाषांतर चुकलंय म्हनून!”

क्वार्टरमध्ये माझ्याकडं तेव्हा गॅस होता. पण मी शेजारणीकडून शेगडी मागून आणली, अंगणात पेटवली आणि तिच्यावरच केलं. ताट घेऊन आले, उशी लावून त्याला बसवलं. त्यानं एक लहानसा तुकडा मोडला, तोंडात ठेवला, पुष्कळ वेळ घोळवला. मग ताट माझ्याकडं सरकवलं.

“बाकीचं तू खा,” तो म्हणाला. “तुजं वजन कमी हाय.”

मी तेव्हा चांगली जाडजूड झाले होते. जिना चढताना मला धाप लागायची आणि वॉर्डातल्या नव्या पोरी त्यावरून मागं हसायच्या. मी खाटेच्या कडेला बसले आणि मामाच्या देखत सगळं ताट पुसून खाल्लं.